धागा: डोंगराआडच्या खाणी आणि दोन फुटी रूळ

रूळकरी

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक झाड उगवतं. तिथले लोक त्याला 'हॉरिझाँटल' म्हणतात, म्हणजे आडवं. खोड सडपातळ असतं. उंच झालं की स्वतःच्याच वजनाने वाकतं आणि जमिनीला समांतर पडून राहतं. मग त्या आडव्या खोडातून नव्या फांद्या सरळ वर निघतात, त्याही वाढून वाकतात, त्यांच्यातून आणखी निघतात. काही वर्षांत असं जाळं तयार होतं की माणूस जमिनीवरून चालतच नाही, त्या जाळ्यावरून चालतो. पाय घसरला की खाली किती खोल जाणार ते पडल्यावरच कळतं.

आता अशा रानात वर्षाला २४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओता, खाली चिखल आणि दऱ्या ठेवा, आणि त्याच्या मधोमध चांदी, शिसं, कथील आणि तांबं पुरून ठेवा. १८७१ मध्ये जेम्स स्मिथला माउंट बिशॉफवर कथील सापडलं. हा गृहस्थ एकटाच रानोमाळ हिंडायचा म्हणून लोक त्याला 'फिलॉसॉफर' स्मिथ म्हणत. १८८२ मध्ये फ्रँक लाँगला झीहानजवळ चांदी-शिशाचा दगड मिळाला. त्यानंतर माउंट लायलचं तांबं. दहा-बारा वर्षांत सगळं नशीब उघडलं खरं, पण ते डोंगराच्या पोटात होतं आणि गलबत होतं समुद्रात.

गंमत अशी की खाणकामात खणणं हा अर्धाच धंदा. उरलेला अर्धा म्हणजे वजन हलवणं. सोनं खिशात घालून नेता येतं. शिशाचा आणि कथलाचा दगड खिशात मावत नाही. घोड्याच्या पाठीवर लादून न्यायचा तर फक्त सर्वांत श्रीमंत दगडाचा खर्च निघतो, बाकीचा खाणीच्या तोंडाशी ढिगाने पडून राहतो. म्हणून मला नेहमी वाटतं की अशा ठिकाणी खाण सुरू झाली ती तारीख खोटी असते. खरी तारीख रूळ पोचल्याची.

माउंट बिशॉफचंच बघा. कथील सापडलं १८७१ ला. व्हॅन डीमन्स लँड कंपनीने एमू बे, म्हणजे आजचं बर्नी, तिथून आत ट्रामवे टाकला आणि तो १८७८ मध्ये चालू झाला. सुरुवातीला लाकडाचे रूळ आणि ओढायला घोडे. वाफेचं इंजिन आलं १८८४ मध्ये, तेही लोखंडी रूळ घातल्यावर. लाकडी रूळ म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. रानातलंच लाकूड तासून रानातच टाकायचं, समुद्रापलीकडून लोखंड आणायला नको. कुजलं की बदलायचं. घोड्याला ते पुरतं. इंजिनाला पुरत नाही.

आता ज्या मार्गासाठी हा धागा काढला त्याकडे येतो. नॉर्थ ईस्ट डंडास ट्रामवे. झीहानपासून विल्यम्सफर्डपर्यंत, साधारण २९ किलोमीटर. १८९६ ते १८९८ या काळात सरकारने बांधला. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, फक्त दोन फूट (६१० मिलिमीटर). चढ २५ फुटांत १ फूट. आणि वळणं? काही वळणांची त्रिज्या ९९ फूट, जेमतेम ३० मीटर. शाळेच्या मैदानात वर्तुळ काढावं तेवढी. गाडी डोंगराच्या कडेला चिकटून दरीच्या तोंडापर्यंत जायची, दरी ओलांडायची आणि समोरच्या कडेने परत यायची. माँटेझुमा धबधब्याच्या (उंची १०४ मीटर) पायथ्याशी लाकडी पूल होता, त्यावरून गाडी धबधब्याच्या तोंडासमोरून जायची. विल्यम्सफर्डला वर माउंट रीडवरच्या हर्क्युलिस खाणीतून दगड दोरावरच्या उतरणीने खाली यायचा.

याला 'ट्रामवे' म्हणायचे, 'रेल्वे' नाही. आणि त्याच डोंगरांत, थोडं दक्षिणेला, माउंट लायल कंपनीने स्वतःच्या पैशाने टास्मानियाच्या नेहमीच्या मापाची रेल्वे बांधली. क्वीन्सटाउन ते टीपूकाना १८९७ पर्यंत आणि पुढे स्ट्रॅहानजवळच्या रेगाटा पॉइंट बंदरापर्यंत १८९९ मध्ये. गेज साडेतीन फूट, आणि डोंगर चढायला आब्टची दातेरी पद्धत. दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्ट्यांची जोडी, एकीचे दात दुसरीच्या खाचांसमोर येतील असे सरकवून बसवलेले, म्हणजे इंजिनाच्या दातेरी चाकाची पकड एक क्षणही सुटत नाही. १६ फुटांत १ फूट चढ त्या जोरावर काढला.

एकाच रानाला दोन उत्तरं. एक म्हणतं, डोंगर असेल तसा घेऊ आणि आपणच बारीक होऊ. दुसरं म्हणतं, माप सोडणार नाही, हवं तर दात लावू. मला पहिलं उत्तर जास्त आवडतं, आणि त्याचं कारण म्हणजे त्यातून निघालेलं इंजिन. पण ते पुढच्या प्रतिसादात. आधी तुम्हाला विचारतो: इंजिन आहे, डबे आहेत, वेळापत्रक आहे, मग याला ट्रामवे का म्हणायचं? माझं मत असं की 'ट्रामवे' म्हणजे कागदावर मुद्दाम लहान ठेवलेली रेल्वे. बोला.

पायवाट

वाचतेय. इंजिनाचं लवकर लिहा, असं अर्धवट सोडू नका.

शब्दकिडा

'ट्राम' शब्दाबद्दल एक लोणकढी आधीच मोडून टाकतो, नाहीतर कोणीतरी लिहिणारच. बेंजामिन आउट्रम नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या नावातला शेवटचा तुकडा म्हणजे ट्राम, असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. खोटं आहे. शब्द त्याच्या जन्माच्या आधीपासून खाणीत रुळलेला होता. मूळ अर्थ तुळई, दांडा, ढकलगाडीची दांडी असा. उत्तर जर्मनीकडच्या बोलींत सापडतो.

म्हणजे शब्द शहरातून खाणीत गेला नाही, खाणीतून शहरात आला. रूळकरींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. खाणवाल्यांनी रुळांना ट्रामवे म्हटलं यात नवल नाही. शहरवाल्यांनी म्हटलं हे नवल.

आणखी मागे जायचं तर सोळाव्या शतकातला जर्मन विद्वान अॅग्रिकोला. त्याचा खाणकामावरचा लॅटिन ग्रंथ १५५६ मध्ये छापला. त्यात एका गाडीचं वर्णन आहे: चार छोटी चाकं, वर खोका आणि खाली एक लोखंडी खुंटी. जमिनीवर दोन फळ्या टाकायच्या, मध्ये फट ठेवायची, खुंटी त्या फटीत. झालं, गाडी वाट सोडत नाही. खाणकामगार तिला 'कुत्रा' म्हणत, कारण ढकलताना ती भुंकल्यासारखा आवाज करते असं काहींना वाटे. जर्मन खाणींत 'हुंट' हे नाव पुढेही टिकलं.

इंग्लंडमध्ये १६०३-०४ च्या सुमारास हंटिंग्डन बोमाँटने स्ट्रेली ते वोलाटन असा लाकडी रुळांचा मार्ग टाकला, दोनेक मैलांचा, कोळशासाठी. १७६७ मध्ये कोलब्रुकडेलला लाकडावर ओतीव लोखंड चढलं. मग आले ते आउट्रमचे इंग्रजी L अक्षरासारखे पट्टे. यात चाकाला कड नसते, कड रुळाला असते. सोय अशी की तीच गाडी साध्या रस्त्यावरही चालते. गैरसोय अशी की पट्ट्यात दगड-माती साचते आणि ओतीव लोखंड ठिसूळ. २१ फेब्रुवारी १८०४ ला ट्रेव्हिथिक या इंग्रज अभियंत्याने वेल्समधल्या पेनिडॅरनहून १० टन लोखंड आणि ७० माणसं वाफेवर ओढून नेली, पावणेदहा मैल, चार तास पाच मिनिटांत. इंजिन जिंकलं, पट्टे हरले. जागोजागी तुटले. इंजिन पुढे रुळांवरून उतरवून एका जागी बसवलं.

म्हणजे वर रूळकरींनी जे लिहिलं, 'घोड्याला पुरतं, इंजिनाला पुरत नाही', ते ८० वर्षं आधी वेल्समध्ये घडून गेलेलं होतं.

हिशेबनीस

रूळकरी, लेख उत्तम, पण तुमचं बारीक रुळांवरचं प्रेम मला पटत नाही. एक खर्च तुम्ही गिळलात.

दोन फुटी ट्रामवे झीहानला संपतो. झीहानपासून बंदरापर्यंत रेल्वे साडेतीन फुटी. म्हणजे डोंगरातून आलेला प्रत्येक दगड झीहानला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकायचा. दगड! कापूस नव्हे. फावडी, माणसं, फलाट, वेळ, आणि हे रोज, खाण चालू आहे तोवर. बांधताना वाचवलेला पैसा असा थेंबथेंब गळतो. बांधणीचा खर्च एकदाच होतो आणि तो अहवालात मोठा दिसतो. हाताळणीचा खर्च दर टनामागे होतो आणि कुठेच दिसत नाही.

'कागदावर लहान ठेवलेली रेल्वे' हे मात्र शंभर टक्के मान्य. सर्वांत मोठा पुरावा ऑस्ट्रेलियातलाच. ब्रोकन हिलची चांदी-शिसं-जस्ताची खाण न्यू साउथ वेल्समध्ये, पण जवळचं बंदर साउथ ऑस्ट्रेलियात. माल शेजारच्या वसाहतीच्या बंदरातून जाणार, म्हणून सिडनीच्या सरकारला त्या रुळांत रस नव्हता. शेवटी खाजगी कंपनीने १८८६ च्या कायद्याने परवानगी मिळवली आणि १८८८ मध्ये सीमेवरच्या कॉकबर्नपर्यंत ५८ किलोमीटरचा मार्ग चालू केला. नाव? सिल्व्हरटन ट्रामवे कंपनी. साडेतीन फुटी गेज, जड मालगाड्या, रखरखीत सपाट मुलूख. ट्रामसारखं तिच्यात काही म्हणता काही नव्हतं. नावात ट्रामवे, तिजोरीत रेल्वे. भरपूर नफा कमावला आणि १९७० पर्यंत चालली.

रूळकरी

हिशेबनीस, झीहानच्या उलथापालथीचा मुद्दा बरोबर आहे. गिळला नव्हता, पुढे लिहिणार होतो (असं म्हणायला काय जातं!).

पण हिशेब असा मांडून बघा. खाण किती वर्षं चालणार हे बांधताना कोणालाच ठाऊक नसतं. ब्रोकन हिलसारखी शंभर वर्षं चालेल, नाहीतर पाच वर्षांत खनिजाची शीर संपेल. मोठी रेल्वे टाकली आणि शीर संपली तर सगळं बुडीत. बारीक ट्रामवे टाकला आणि शीर संपली तर रूळ उचलून दुसऱ्या दरीत टाकता येतात. दर टनाचा जास्तीचा खर्च हा विम्याचा हप्ता समजा. नॉर्थ ईस्ट डंडासची शेवटची गाडी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला धावली, म्हणजे उणीपुरी ३५ वर्षं. एवढ्या आयुष्यासाठी तिथे साडेतीन फुटी रेल्वे टाकणं मला तरी धाडसाचं वाटतं.

याच भागात उलटं उदाहरणही आहे. नॉर्थ माउंट लायल कंपनीने शेजारच्या कंपनीशी ईर्ष्या करत स्वतःची वेगळी रेल्वे केली बेसिनपर्यंत बांधली, वेगळं बंदर वसवलं, १९०० मध्ये मार्ग चालू झाला. १९०३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. मग एकाच तांब्याला दोन रेल्वे कशाला? केली बेसिनच्या बंदराचं गाव ओस पडलं.

आता इंजिन. पायवाट, घ्या.

दोन फुटी रूळ, ३० मीटरची वळणं, २५ ला १ चढ. या तिन्हींचं एकमेकांशी हाडवैर. चढासाठी ताकद हवी, म्हणजे मोठा बॉयलर आणि पुष्कळ चाकं. पुष्कळ चाकं एका ताठ चौकटीत बसवली की वळणावर ती रुळांना घासतात, उतरतात. कमी चाकं घेतली तर वजन कमी चाकांवर येतं आणि बारीक रूळ दबतात. १९०० मध्ये हागान्स कंपनीचं एक सांध्याचं जर्मन इंजिन आणलं होतं. पण खरं उत्तर आलं ते हर्बर्ट विल्यम गॅरट या इंग्रज अभियंत्याच्या डोक्यातून.

कल्पना ऐकायला सोपी आहे. एक इंजिन घेण्याऐवजी दोन छोट्या चाकगाड्या घ्या, प्रत्येकीला आपापले सिलिंडर. एक पुढे, एक मागे. बॉयलर दोघींच्या मध्ये पाळण्यासारखा टांगा. पुढचीवर पाणी, मागचीवर कोळसा आणि पाणी. वळण आलं की दोन्ही गाड्या आपापल्या वाटेने वळतात आणि मधला बॉयलर आतल्या बाजूला सरकतो. वळण म्हणजे धनुष्य धरलं तर बॉयलर म्हणजे प्रत्यंचा. आणि बॉयलरखाली चाकं नाहीत, म्हणून तो हवा तेवढा जाड करता येतो, भट्टी हवी तेवढी खोल. गेज दोन फूट असलं तरी पोटाला आडकाठी नाही.

मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कारखान्याने १९०९ मध्ये अशी दोन इंजिनं बांधली, के१ आणि के२. जगातली पहिली गॅरट इंजिनं. कुठे गेली? लंडनला नाही, पॅरिसला नाही. झीहानच्या चिखलात.

एक खोट मात्र राहिली. या पहिल्या जोडीत सिलिंडर आतल्या बाजूला तोंड करून होते. त्यातले मागच्या गाडीचे सिलिंडर नेमके ड्रायव्हरच्या पायाखाली. वर भट्टी, खाली वाफेचे सिलिंडर, मध्ये माणूस. बाहेर थंडगार पाऊस आणि आत भाजून निघायचं. पुढच्या गॅरट इंजिनांत सिलिंडर बाहेरच्या टोकांना नेले आणि तीच पद्धत कायम झाली. १९११ मध्ये दार्जिलिंगच्या दोन फुटी रुळांवरही एक गॅरट आली. १९३२ पर्यंत मजल अशी की सोव्हिएत संघासाठी याच कारखान्याने २६२ टनांचं गॅरट बांधलं. के१ ३४ टनांच्या आतबाहेर. पिढी एकच.

पायवाट

आता माझी भर. झीहानच्या त्या मार्गावरून मी चालले आहे. विल्यम्सफर्डपासून माँटेझुमा धबधब्यापर्यंत आता पायवाट आहे, जाऊन-येऊन दहाएक किलोमीटर.

पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे दम लागत नाही. डोंगरात इतकं चालून दम न लागणं विचित्र वाटतं. मग लक्षात येतं, ही वाट माणसासाठी आखलेलीच नाही. वाफेच्या इंजिनाला झेपेल तेवढाच उतार. डोंगरी पायवाट कंटाळून शॉर्टकट मारते, ही वाट प्रत्येक घळीत शिरते आणि आज्ञाधारकपणे परत बाहेर येते.

दुसरी गोष्ट, काही ठिकाणी चिखलात ठरावीक अंतरावर आडव्या वळ्या लागतात. स्लीपरच्या, म्हणजे रुळांखालच्या आडव्या लाकडांच्या, जागा. लाकूड गेलंय किंवा शेवाळाखाली मऊ झालंय, पण पावलाला अंतर कळतं. एका पावलाला फार जवळ, दोन पावलांना फार लांब. सगळा वेळ चाल बिघडलेली. धबधब्यापाशी आता झुलता पूल आहे. त्यावर उभं राहून तुषार अंगावर घेताना हे डोक्यात आलं नव्हतं की इथून शिशाच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, जायच्या. आता तुमचं वाचून आलं.

नवखा१२

बाळबोध प्रश्न. भरलेली गाडी उतारावरून खाली येणार हे समजलं. रिकामी वर कोण नेणार? आणि ब्रेक निसटला तर?

उताराचा राजा

नवखा१२, बाळबोध काही नाही, सगळी विद्या त्यातच आहे.

खाण बहुधा वर असते आणि बंदर खाली. म्हणजे निसर्गाने जड माल उताराच्या बाजूला दिलाय. भरलेली वाघीण खाली येताना जी ओढ देते ती फुकट घालवायची नाही. वर एक मोठा ढोल, त्यावर दोर. दोराच्या एका टोकाला भरलेली वाघीण, दुसऱ्या टोकाला रिकामी. भरलेली खाली येताना रिकामीला वर खेचते. विहिरीवरच्या दोन घागरींसारखं, फक्त ओढणारा हात नाही. इंजिन नाही, कोळसा नाही. लागतो तो ब्रेक, आणि ब्रेकवर बसणारा शहाणा माणूस.

याचं सगळ्यांत थरारक उदाहरण न्यूझीलंडमधलं डेनिस्टन. कोळसा वर पठारावर, रेल्वे खाली. मधला उतार ५१८ मीटरचा, आणि तो पावणेदोन किलोमीटरच्या आत उतरायचा. उतरण दोन टप्प्यांत, मध्ये वाघिणी एका दोरावरून दुसऱ्या दोरावर घ्यायच्या. ब्रेकसाठी पाण्याच्या दाबाची यंत्रणा. १८७९ ते १९६७ अशी ती चालली. सुरुवातीच्या वर्षांत वर जायला धड वाट नव्हती, तेव्हा माणसं आणि संसार त्याच रिकाम्या वाघिणींतून वर गेले. वरून खाली बघितल्यावर अनेकींनी परत त्यात पाऊल टाकायला नकार दिला आणि वर्षानुवर्षं पठारावरच राहिल्या. त्यांना भित्रं म्हणणार नाही. दोर तुटल्यावर काय होतं ते त्या रोज खिडकीतून बघू शकत होत्या.

आणि उलट टोकाला वेल्समधली फेस्टिनिओग. १८३६ मध्ये चालू झाली, जवळपास दोन फुटी गेज, खाणीतून पाटीचा दगड बंदरापर्यंत. आखणी इतकी चोख की सगळा मार्ग एकसारखा उताराचा. भरलेली गाडी नुसती सोडून द्यायची, ब्रेकवाले डब्यांवर बसून वेग सांभाळणार. रिकामे डबे वर नेणार घोडे. मग घोडे खाली कसे येणार? त्यांच्यासाठी गाडीच्या शेवटी वेगळा डबा. घोडे त्यात उभे राहून गवत खात खाली यायचे. येताना प्रवासी, जाताना नोकर. १८६३ मध्ये वाफेची इंजिनं आली आणि घोड्यांची ही चैन संपली. दगडाच्या गाड्या मात्र इंजिनाशिवाय नुसत्या उतारावर सोडणं १९३९ पर्यंत चालू होतं.

शब्दकिडा

दोराचा विषय निघालाच आहे तर शहराचं ऋण फेडतो. सॅन फ्रान्सिस्कोची प्रसिद्ध केबल कार १८७३ ची. करणारा अँड्र्यू हॅलिडी. तो मुळात कॅलिफोर्नियाच्या खाणींना तारेचे दोर पुरवायचा आणि दोरावरून दगड वाहण्याची व्यवस्था बांधायचा. म्हणजे शहरातल्या लोकांनी ज्या डब्यात बसून टेकडी चढली, तो खाणीतल्या वाघिणीचा धुतलेला-पुसलेला धाकटा भाऊ.

आणि जिथे दोन फूटही जमीन मिळत नाही तिथे रूळ हवेत गेले. अर्जेंटिनातलं चिलेसितो. लायपझिगच्या ब्लायखर्ट कंपनीने १९०३ ते १९०५ मध्ये बांधलेला दोरमार्ग. खालचं ठाणं १०७५ मीटरवर रेल्वेजवळ, वरचं ४६०० मीटरवर ला मेहिकाना खाणीपाशी. लांबी ३४-३५ किलोमीटर, ९ ठाणी, २६२ मनोरे. ते लोखंड वर नेलं कोणी? खेचरांनी आणि माणसांनी. इंग्रजीत यालाही ट्रामवेच म्हणतात, हवेतला.

हिशेबनीस

यंत्रांचं कौतुक चाललंय, चालू द्या. पण सिल्व्हरटन ट्रामवेचं नाव मी काढलं तेव्हाच १ जानेवारी १९१५ आठवला होता. त्या दिवशी ब्रोकन हिलहून सहलीची गाडी निघाली. बाराशे माणसं, बायका-पोरं, सगळी उघड्या मालवाघिणींत बाकं टाकून बसलेली. गावाबाहेर दोघांनी गाडीवर गोळ्या झाडल्या. मुल्ला अब्दुल्ला आणि गुल मोहम्मद. दोघेही हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीपलीकडच्या मुलखातून आलेले, उंटांच्या तांड्यांशी संबंध असलेले. गुल मोहम्मदच्या आइस्क्रीमच्या गाडीवर तुर्की झेंडा लावला होता. चार नागरिक मेले, नंतरच्या चकमकीत ते दोघेही.

राजकारणात शिरत नाही. माझं लक्ष जातं ते वाघिणीकडे. आठवडाभर खनिज वाहणारी वाघीण सुट्टीच्या दिवशी झाडून घ्यायची आणि त्यात पोरं बसवायची. कंपनीच्या गावात तोच एक रस्ता, तीच एक गाडी.

उताराचा राजा

त्याला जोडून १९१२. १२ ऑक्टोबरला नॉर्थ माउंट लायल खाणीत आग लागली. ४२ माणसं गेली. पन्नासेक माणसं खाली अडकून जिवंत होती. धुरात उतरायचे श्वसनसंच व्हिक्टोरियातून आणायचे, मध्ये बासची सामुद्रधुनी. लूंगाना जहाजाने मेलबर्न ते बर्नी अंतर विक्रमी वेळात कापलं, आणि बर्नीहून पुढे खास गाडीने त्या डोंगरी रुळांवर कधी झाली नव्हती अशी दौड केली. वर ज्या मार्गावर घोडे लाकडी रुळांवर कथील ओढत होते ना, तोच हा मार्ग, एव्हाना झीहानपर्यंत वाढलेला. अडकलेले लोक चार दिवसांनंतर वर आले.

पायवाट

क्वीन्सटाउनच्या डोंगरांचा विषय कोणीच काढला नाही. भट्ट्यांना लाकूड हवं म्हणून रान तोडलं, गंधकाच्या धुराने उरलेलं मेलं, मग पावसाने माती धुऊन नेली. दशकानुदशकं नुसते गुलाबी-करडे उघडे खडक. ज्या आडव्या झाडांच्या जाळ्याने रूळकरींनी सुरुवात केली, त्याचं तिथे नावही उरलं नव्हतं. माल न्यायला रूळ आले आणि रानही त्याच रुळांवरून भट्टीत गेलं.

रूळकरी

पायवाट, मान्य. लिहायला हवं होतं.

नवखा१२ ने व्यनित (खाजगी निरोपात) विचारलंय की के१ चं पुढे काय झालं. सगळ्यांसाठी इथेच लिहितो.

ट्रामवे बंद पडल्यावर के१ आणि के२ झीहानला पडून होती. १९४७ मध्ये बेयर पीकॉकनेच आपलं पहिलं गॅरट म्हणून के१ परत विकत घेऊन मँचेस्टरला नेलं. कारखाना बंद होताना, १९६६ मध्ये, ते फेस्टिनिओगकडे गेलं. होय, तीच, घोड्यांना डब्यात बसवणारी. बरीच वर्षं यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात उभं राहिलं, आणि या शतकात दुरुस्त होऊन वेल्श हायलँड मार्गावर पुन्हा वाफेवर आलं.

त्याच मार्गावर एनजी१४३ नावाचं दुसरं गॅरट आहे. बेयर पीकॉकने बांधलेलं शेवटचं गॅरट, १९५८ चं, तेही दोन फुटी. ते मागवलं होतं नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या (आजचा नामिबिया) त्सुमेबच्या तांब्याच्या खाण कंपनीने. इंजिनं तयार होईपर्यंत तिथले बारीक रूळ उखडून साडेतीन फुटी टाकायचं ठरलं, म्हणून ती सगळी खेप दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेने घेतली. त्सुमेबचा एक दगडही त्या इंजिनाने ओढला नाही.

हिशेबनीस, हा गुण तुमच्या खात्यात.

हिशेबनीस

घेतला. के२ चं काय झालं?

रूळकरी

तेही के१ सोबत बोटीवर चढलं, पण सुट्या भागांच्या रूपात. बहिणीला लागतील ते तुकडे.